ओंकार, जप आणि योगाभ्यास : आवाजातून ऐकू येणारा श्वास

रानजाई · २० जुलै, पहाटे ५:५०

नमस्कार मंडळी. आसनांवर इथे भरपूर धागे आहेत, प्राणायामावरही आहेत. पण वर्गाच्या सुरुवातीला आपण तीन ओंकार म्हणतो, प्रार्थना म्हणतो, त्यावर स्वतंत्र असं काही सापडलं नाही. बहुतेकांच्या लेखी तो भाग म्हणजे 'खरं सुरू व्हायच्या आधीचं'. माझ्याही लेखी नऊ वर्षं तसंच होतं. सहाचा वर्ग असला की मी सहा वाजून पाच मिनिटांनी पोचायचे, आणि ते ठरवून. तोवर प्रार्थना झालेली असायची, चटई अंथरली की थेट ताडासन. मला स्तोत्रं येतात, घरी पूजा असते, त्यामुळे नावड अशी नव्हती. व्यायामात त्याचं काय काम, एवढंच मनात यायचं.

गेल्या वर्षी झोप बिघडली. रात्री अडीच-तीनला जाग यायची आणि मग पहाटेपर्यंत छताकडे बघत पडायचं. सकाळी शाळेत आठ तास बोलायचं असतं, त्यामुळे फार हाल व्हायचे. आमच्या योगशिक्षिका बाईंना सांगितलं. मला वाटलं, एखादं आसन देतील. त्या म्हणाल्या, "उद्या वेळेवर या आणि माझ्यासमोर एक ओंकार म्हणा." म्हटला. त्यांनी हातातल्या घड्याळात बघून सांगितलं, सात सेकंद. त्यातले शेवटचे दोन सेकंद आवाज नुसता थरथरत होता. समईतलं तेल संपत आलं की ज्योत फडफडते ना, तसा.

मी खरंच हबकले. पश्चिमोत्तानासनात माझं कपाळ नडगीला टेकतं. उज्जायी, म्हणजे घसा किंचित आवळून करायचा प्राणायाम, मी रोज दहा मिनिटं करत होते आणि माझा रेचक, म्हणजे श्वास सोडणं, लांब आहे अशी माझी पक्की समजूत होती. पण प्राणायामात स्वतःला फसवायला खूप जागा असते. मध्येच छाती सैल सोडायची, थोडासा श्वास चोरायचा, शेवटी उरलेला एकदम टाकून द्यायचा. कुणाला दिसत नाही आणि स्वतःलाही कळत नाही. आवाज लावला की लपवता येत नाही. श्वास जिथे घसरतो तिथे स्वर घसरतो आणि आपलाच कान ते ऐकतो. ओंकार म्हणजे ऐकू येणारा श्वास, हे मला त्या सकाळी कळलं. जे काही सांगायचं आहे ते एवढंच. बाकीचं त्याच्या आधारे लिहिते.

मग पतंजलींची योगसूत्रं पुन्हा काढून बसले. समाधिपादात, म्हणजे पहिल्या भागात, २७ ते ३४ ही सूत्रं सलग वाचून बघा. २७व्यात प्रणव, म्हणजे ओंकार, येतो, २८व्यात 'तज्जपस्तदर्थभावनम्', म्हणजे त्याचा जप आणि त्याच्या अर्थाची भावना. २९व्यात सांगितलंय की त्याने अंतराय, म्हणजे साधनेतले अडथळे, दूर होतात. ३०व्यात ते नऊ अंतराय: व्याधी, स्त्यान (मनाचं जडपण), संशय, प्रमाद, आलस्य वगैरे. आणि ३१वं सूत्र वाचताना मी थांबलेच. चित्त विखुरलेलं असलं की सोबत काय काय येतं? दुःख, मनाची खिन्नता, अंगाचं थरथरणं आणि बिघडलेला श्वास-प्रश्वास. माझी रात्री तीन वाजताची अवस्था कुणीतरी ओळीने लिहून ठेवावी तसं. थोडं पुढे ३४व्यात श्वास बाहेर सोडण्याचा आणि धरण्याचा उपाय येतोच. म्हणजे जप, बिघडलेला श्वास आणि रेचक या तीन गोष्टी आठ सूत्रांत एकमेकींना लागून आल्या आहेत. मी इतकी वर्षं त्यातली एक उचलत होते आणि दुसरी दाराबाहेर ठेवत होते.

सध्या मी काय करते ते सांगते. आसनांआधी तीन आणि शवासनाआधी पाच ओंकार, आवाज अगदी बेताचा. उजवा हात छातीवर ठेवून 'अ' म्हटला की तळव्याला कंप लागतो. 'उ' ला तोच कंप गळ्याशी सरकतो. 'म' ला ओठ मिटले की टाळूवर, नाकाच्या मुळाशी, कधी कधी थेट कानाच्या पाळीपर्यंत. पहिल्या महिन्यात मी रोज हात ठेवूनच म्हणत होते. आता हात लागत नाही. लांबी एकोणीस सेकंदांपर्यंत आली आहे, त्यातले निम्मे 'म'कारात जातात. रात्री जाग अजूनही येते, पण अंथरुणात मनातल्या मनात त्याच लयीत म्हणू लागले की बहुतेक वेळा पुन्हा डोळा लागतो. पूर्वी तसं होत नव्हतं.

तुमचे अनुभव लिहा. सूर्यनमस्काराचे मंत्र, गायत्री, हरिपाठ, अथर्वशीर्ष, काहीही चालेल. न पटणारं असेल तर तेही लिहा.

कृष्णाकाठ · २० जुलै, सकाळी ७:१५

फार छान लिहिलंयत रानजाईताई. आताच घड्याळ लावून बघितलं, नऊ सेकंद आले. एक शंका. काही ठिकाणी 'ओ' लांब आणि 'म' छोटा शिकवतात, काही ठिकाणी उलटं. बरोबर काय?

रानजाई · २० जुलै, सकाळी ७:४०

दोन्ही प्रकार शिकवतात दादा. आमच्या बाई नवख्यांना आधी 'ओ' मोकळा म्हणायला लावतात, कारण तोंड उघडं असताना श्वास कुठे तुटतो ते पटकन कळतं. मग हळूहळू 'म' वाढवायचा. ओठ मिटले की हवा नाकातून बारीक धारेने जाते, त्यामुळे तेवढाच श्वास जास्त पुरतो. सेकंद वाढवायच्या नादात शेवटी पोट आवळून ढकलू नका. आवाज थरथरायच्या आधी सोडून द्यायचा.

धमनी · २० जुलै, रात्री ९:०५

पेशाने डॉक्टर आहे. या विषयावर अभ्यास झालेले आहेत, त्यातले मला नीट माहीत असलेले तीन सांगतो.

पहिला २००१ मधला, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला, इटलीतल्या संशोधकांचा. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधली 'आवे मारिया' ही जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा 'ओम मणि पद्मे हुम्'. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला साधारण सहावर आली. एरवी आपण बसल्या जागी मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. सहाच्या आसपास ही गती आली की रक्तदाबात मुळातच चालणाऱ्या सुमारे दहा सेकंदांच्या लाटांशी श्वासाचा मेळ बसतो आणि रक्तदाब सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तल्लख होते. ती त्यांनी मोजली. जपमाळेची प्रार्थना अर्धी एकाने आणि अर्धी बाकीच्यांनी म्हणायची असते, आणि एक फेरी सुमारे दहा सेकंदांची होते. म्हणजे समोरचा म्हणत असताना श्वास घेणं आपोआप होतं.

दुसरा २००२ चा, स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतला. नुसता श्वास सोडण्याच्या तुलनेत ओठ मिटून गुणगुणत सोडला, तर नाकातून येणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण पंधरा पट वाढलं. हा वायू नाकालगतच्या पोकळ्यांत, म्हणजे सायनसमध्ये तयार होतो. गुणगुणण्याच्या कंपनांमुळे त्या पोकळ्यांतली हवा ढवळून बाहेर येते. 'म'कार आणि भ्रामरी (भुंग्यासारखं गुणगुणत करायचा प्राणायाम) यांचा याच्याशी थेट संबंध आहे.

तिसरा आपल्या बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा, २०११ मधला. बारा जणांच्या मेंदूचं एफएमआरआयने चित्रण केलं. एकदा ओंकार आणि एकदा नुसता 'स्स्स' असा लांब आवाज. ओंकाराच्या वेळी भावनांशी, भीतीशी निगडित भागांतली हालचाल मंदावलेली दिसली, 'स्स्स' ला तशी दिसली नाही.

माणसं थोडी होती आणि ती निरोगी होती, हे विसरू नये. यावरून कुठलाही आजार बरा होतो असं म्हणता येत नाही. पण लांब, सावकाश सोडलेल्या श्वासाबरोबर हृदयाची गती उतरते हे शरीरशास्त्र पक्कं आहे. आपली नाडी धरून ओंकार म्हणा, सवय झाली की बोटांना कळतं.

विश्वमोहिनी · २१ जुलै, सकाळी १०:२०

ओंकाराची कंपनसंख्या ४३२ हर्ट्झ असते आणि तीच विश्वाची आहे ना? नासाने सूर्याचा आवाज रेकॉर्ड केला तो पण ओमच आहे. आमच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. थायरॉइड असणाऱ्यांनी रोज १०८ वेळा म्हटला तर गोळी सुटते असं त्यात सांगितलंय.

धमनी · २१ जुलै, दुपारी १:३०

ताई, थायरॉइडची गोळी कृपा करून कुणाच्याही व्हिडिओवरून बंद करू नका, हे आधी कळकळीने सांगतो. ओंकाराने गळ्याशी कंप जाणवतो हे खरं, पण त्याने ग्रंथी पुन्हा संप्रेरक बनवू लागते असं दिसलेलं नाही. गोळी चालू ठेवून ओंकार खुशाल म्हणा.

तानपुरा · २१ जुलै, दुपारी ४:१०

हर्ट्झबद्दल मी सांगते. तीस वर्षं गाणं शिकते आणि शिकवते. माझा ओंकार आणि माझ्या नवऱ्याचा ओंकार एका पट्टीत असूच शकत नाही, त्याचा षड्ज, म्हणजे मूळ 'सा', माझ्यापेक्षा कितीतरी खाली. मग 'ओंकाराची' कंपनसंख्या कुणाची धरायची? प्रत्येकाची आपली एक सहज पट्टी असते, दुपारी जेवून बसल्यावर 'हं' म्हणून हुंकार देतो ना, तिच्या आसपास. ओंकार तिथे लावावा.

सूर्याचं म्हणाल, तर ध्वनीला पोकळीतून प्रवास करता येत नाही. सूर्याच्या पृष्ठभागाची स्पंदनं यंत्रांनी मोजली आणि ती आपल्या कानांना ऐकू येतील इतकी वेगवान करून त्यांचा आवाज बनवला, असा तो प्रकार आहे. विश्वमोहिनी, तुम्हाला दुखवायचं नाही. पण ओंकाराला अशा आधाराची गरज नाही हो. गाण्यात आम्ही पहाटे खर्ज लावतो, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात एकेका स्वरावर श्वास संपेपर्यंत थांबतो. दोन महिन्यांत मुलांचा श्वास वाढतो, आवाज भरदार होतो, आणि आवाजापेक्षाही वाढते ती बसण्याची ताकद. दहा मिनिटं जागेवर न बसणारी पोरं अर्धा तास बसतात. हे मी डोळ्यांनी बघते आहे.

योगवर्गात जाणाऱ्यांना एक विनंती. समूहात ओंकार म्हणताना दुसऱ्याच्या पट्टीत ओढले जाऊ नका. बायका पुरुषांच्या पट्टीत खाली जाऊन घसा घोटतात, पुरुष उलट वर ताणतात. आणि 'म' ला दात एकमेकांवर दाबायचे नाहीत. ओठ मिटलेले, दातांत किंचित फट, जबडा सैल. जबडा आवळला की कंप तिथेच मरतो.

रानजाई · २१ जुलै, संध्याकाळी ६:४५

तानपुराताई, हे वर्षभरापूर्वी वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. मध्यंतरी सुट्टीत एका दुसऱ्या वर्गाला गेले होते. तिथे माईक लावून 'जोरात, अजून जोरात' असं सांगत एकवीस ओंकार करून घेत. चार दिवसांत घसा बसला. सोमवारी शाळेत फळ्यावर लिहून दाखवायची वेळ आली. आवाज हीच शिक्षकाची शिदोरी आहे, फार भीती वाटली होती. तेव्हापासून मी शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही एवढाच आवाज ठेवते. पोटातून येणाऱ्या श्वासावर आवाज नुसता ठेवायचा, फेकायचा नाही.

माळकरी · २२ जुलै, पहाटे ४:५५

राम कृष्ण हरी. परवाच वारीहून परत आलो. धागा वाचला आणि मनात आलं ते स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

नाम घेताना सेकंद कसले मोजता? आमच्या घरी संध्याकाळी दिवा लागला की हरिपाठ. सत्तावीस अभंग, आजीच्या मांडीवर बसून पाठ झाले. श्वास किती लांब, छातीला कंप किती, याचा विचार कधी शिवला नाही. नाम देवासाठी घ्यायचं. झोप यावी म्हणून, रक्तदाब उतरावा म्हणून घेतलेलं नाम हे नाम राहत नाही, औषधाची बाटली होते. पंधरा-वीस किलोमीटर चालून आल्यावर मुक्कामी रात्री टाळ वाजायला लागले की पायांचं दुखणं कुठे जातं ते सांगता येत नाही. घड्याळात ते मावत नाही.

रानजाई · २२ जुलै, रात्री १०:००

माऊली, राग कसला. दिवसभर तुमचंच लिहिणं मनात होतं. दोन गोष्टी सांगते.

सेकंद मोजण्याबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. बाईंनीही पहिल्या महिन्यानंतर घड्याळ काढून घेतलं. त्या म्हणाल्या, लांबी बघायची ती फक्त आपण कुठे उभे आहोत ते कळायला. रोज वजनकाट्यावर चढणाऱ्याची भूक मरते, तसं होतं. सूत्रातही नुसता जप नाही, 'तदर्थभावनम्' आहे. अर्थ मनात नसेल तर ती घशाची कसरत होते. एवढं मी शिकले आहे.

पण श्वास आणि भाव यांच्यात मला वैर दिसत नाही. तुमच्या हरिपाठाकडेच बघा. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची, मध्ये 'हरि मुखें म्हणा' परत परत येतं. टाळाला टाळ, पावलाला पाऊल. धमनी यांनी त्या जपमाळेच्या प्रार्थनेबद्दल लिहिलंय तसंच हे: दुसरे म्हणत असताना तुमचा श्वास भरला जातो आणि तुमची ओळ म्हणताना तो सावकाश बाहेर पडतो. शंभर माणसं एकाच लयीत श्वास घेतात आणि कुणाला त्याची जाणीवही नसते. ज्यांनी ही रचना घडवली त्यांना श्वास कळत नव्हता असं मी कसं म्हणू? तुम्हाला तो आजीच्या मांडीवर मिळाला. मला सेहेचाळिसाव्या वर्षी घड्याळ लावून शोधावा लागला. आणि झोपेसाठी सुरू केलेलं माझं नाम आज फक्त झोपेसाठी राहिलेलं नाही, हेही तुम्हाला मनापासून सांगते.

माळकरी · २३ जुलै, पहाटे ५:१०

ताई, पटलं. आमच्या विणेकरी बाबांचं आठवलं. नवीन पोरं घाईने अभंग म्हणू लागली की ते म्हणत, "श्वास धावतोय, नाम मागे राहिलं." आज त्याचा अर्थ नीट लागला. राम कृष्ण हरी.

घनपाठ · २३ जुलै, सकाळी ११:००

उच्चारांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत पठणाची सहा अंगं एका ओळीत दिली आहेत: वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम, सन्तान. अक्षर शुद्ध, चढ-उतार नेमके, ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी, योग्य तेवढा जोर, समान गती आणि अखंडपणा. शेवटची दोन बघा, समान गती आणि अखंडपणा. ही श्वासाची शिस्त झाली. धाग्याच्या विषयाला हे पूरकच आहे.

सूर्यनमस्काराचे मंत्र घाईत फार बिघडतात. 'पूष्णे' मध्ये पू दीर्घ आहे, 'मरीचये' मध्ये री दीर्घ आहे. 'नमः' चं तर 'नमहाऽऽ' झालंय. विसर्ग म्हणजे आधीच्या स्वराचा अगदी हलका पडसाद असलेला श्वास, वेगळं ताणलेलं अक्षर नाही. बीजमंत्रांसह करणारे ह्रां, ह्रीं, ह्रूं, ह्रैं, ह्रौं, ह्रः असे म्हणतात. औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला सूर्यनमस्कारांचा घराघरांत, शाळांत प्रसार केला, तोही मंत्रांसकट. बीजमंत्रांतला शेवटचा ह्रः म्हणून बघा. पोट आपोआप आत जातं आणि श्वास पूर्ण रिकामा होतो. पुढचा नमस्कार त्या रिकाम्या छातीत भरलेल्या पूरकाने, म्हणजे आत घेतलेल्या श्वासाने, सुरू होतो. मंत्र गाळून भराभर पंचवीस नमस्कार काढले की हा मधला विराम जातो आणि धाप लागते.

कृष्णाकाठ · २३ जुलै, दुपारी १२:३०

हे नवीनच कळलं. उद्या मंत्र म्हणून बाराच घालतो.

नूर_कोंढवा · २४ जुलै, रात्री ८:२०

खूप दिवस वाचते आहे, आज पहिल्यांदाच लिहिते. मी मुस्लिम आहे, चार वर्षं योगवर्गाला जाते. पाठीच्या दुखण्यासाठी सुरू केलं होतं आणि आता सोडवत नाही. ओंकाराच्या वेळी मी डोळे मिटून गप्प बसते. मला कुणी कधी बोललं नाही, पण आपण वर्गाच्या बाहेर राहतोय असं त्या दोन मिनिटांत वाटायचं. एकदा आमच्या सरांनी स्वतःहून सांगितलं, "तू त्या वेळी भ्रामरी कर. सगळ्यांचा 'म' आणि तुझा भुंगा एकत्रच मिसळेल." तेव्हापासून तेच करते. छान वाटतं. वरचं वाचून विचारावंसं वाटलं, की शरीराला मिळायचा तो फायदा मलाही तसाच मिळतो का?

धमनी · २४ जुलै, रात्री ९:४०

लांब श्वास आणि ओठ मिटून गुणगुणणं, दोन्ही भ्रामरीत पुरेपूर आहे. नायट्रिक ऑक्साइडचा तो अभ्यास तर नुसत्या गुणगुणण्यावरच होता, त्यात मंत्र नव्हता. तुमचे सर जाणते आहेत.

घनपाठ · २५ जुलै, सकाळी १०:१५

भगिनी, भ्रामरी ही बाजूची सोय नाही. हठप्रदीपिका या योगग्रंथात ती आठ कुंभकांपैकी, म्हणजे प्राणायामाच्या आठ प्रकारांपैकी, एक आहे, दुसऱ्या उपदेशात (अध्यायात). तिथे पूरकही आवाजासकट सांगितलाय: श्वास घेताना भुंग्याचा नाद, सोडताना भुंगीचा, हळूहळू. आज बहुतेक ठिकाणी सोडतानाचाच शिकवतात. चौथ्या उपदेशात तर नादाचंच मोठं प्रकरण आहे. तुम्ही योगाच्या अगदी आत आहात.

माळकरी · २५ जुलै, दुपारी १:००

नूरताई, आमच्या दिंडीत एक मुस्लिम गृहस्थ दर वर्षी पाणी वाटायला असतात. टाळ वाजले की डोळे मिटून उभे राहतात. तुमचं वाचून ते आठवले.

नूर_कोंढवा · २५ जुलै, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. डोळे भरून आले.

राईनकाठची_मराठी · २७ जुलै, मध्यरात्री १२:१५

मी जर्मनीत असते. इथला आमचा वर्ग म्हैसूरच्या अष्टांग पद्धतीचा, सगळे उभे राहून 'वन्दे गुरूणां' ही प्रार्थना म्हणतात. शिकवणारी जर्मन, म्हणणारे जर्मन, अर्थ कागदावर छापलेला. सुरुवातीला मला अवघडल्यासारखं व्हायचं. मग एकदा हिवाळ्यात, बाहेर साडेसहाचा काळोख आणि बर्फ, तेवीस माणसं 'ओम्' म्हणून गप्प झाली आणि त्यानंतर जी शांतता पसरली ती मला आमच्या साताऱ्याच्या घरातल्या देवघराइतकी ओळखीची वाटली. मांडूक्य उपनिषदात अ, उ, म हे जागृती, स्वप्न, सुषुप्ती (गाढ झोप) आणि चौथं जे अमात्र, म्हणजे अक्षराविना, ते त्या पलीकडचं असं येतं. बाबांनी लहानपणी समजावलं होतं, तेव्हा नुसतं पाठ केलं होतं. कृपया ओंकार संपला की लगेच पुढच्या सूचनेला लागू नका. ती शांतता त्याचाच भाग आहे.

रानजाई · २७ जुलै, सकाळी ६:००

हे माझ्याकडून लिहायचंच राहिलं होतं. आमच्या बाई दोन ओंकारांच्या मध्ये दोन साधे श्वास जाऊ देतात. सुरुवातीला मला वाटायचं, वेळ जातोय. आता त्या दोन श्वासांसाठीच पुढचा ओंकार म्हणावासा वाटतो.

वशिष्ठीकाठ · २८ जुलै, संध्याकाळी ७:५०

एक घरगुती प्रश्न. बाबा ७४ वर्षांचे, एसटीत चालक होते, तीस वर्षं घाटात गाडी चालवली. आता सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार, आहे. चार पायऱ्या चढले की दम लागतो आणि दम लागला की घाबरतात, घाबरले की आणखी लागतो. त्यांना ओंकार म्हणायला लावला तर चालेल का? परवा एकदा म्हणून बघितला, 'म' ला ओठ मिटले की गुदमरल्यासारखं होतं म्हणाले आणि सोडून दिला.

धमनी · २८ जुलै, रात्री ९:३०

आधी त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर: बसून, पाठीला टेका देऊन, दम लागलेला नसताना. श्वास रोखून धरणं अजिबात नको. ओठ मिटणंही नको, कारण या आजारात हवा आत अडकते, बाहेर जायला वेळ लागतो, आणि आधीच घाबरलेल्या माणसाला तोंड मिटलं की कोंडल्यासारखं वाटतं. फिजिओथेरपिस्ट ओठांचा चंबू करून फुंकायला शिकवतात, त्यात हवा बाहेर जाताना श्वासनलिका उघडी राहते. उघडा स्वर लांबवला तरी श्वास असाच सावकाश, एका धारेने जातो. ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या रुग्णांसाठी गाण्याचे वर्ग चालतात ते याचसाठी. चक्कर आली, ओठ निळसर दिसले, तर लगेच थांबायचं. आणि इनहेलर ठरल्या वेळेला हवाच.

तानपुरा · २९ जुलै, सकाळी ९:००

त्यांना आवडणारं काही म्हणू दे. अनोळखी अक्षरापेक्षा ओळखीच्या शब्दावर श्वास लवकर विसावतो. पूर्वी कधी भजनात वगैरे बसायचे का?

वशिष्ठीकाठ · २९ जुलै, रात्री ८:१५

डेपोच्या भजन मंडळात होते! पेटीवर बसायचे. विचारते त्यांना. डॉक्टरांची वेळ शनिवारची मिळाली आहे.

वशिष्ठीकाठ · १६ ऑगस्ट, सकाळी ८:४०

उशिरा लिहिते आहे, माफ करा. डॉक्टरांनी परवानगी दिली, रोज सकाळी पाच मिनिटं, त्याहून जास्त नको म्हणाले. बाबांनी ओंकार नकोच म्हटलं. 'राम कृष्ण हरी' म्हणतात, एका श्वासात, त्यांच्या भजनाच्या चालीत. पहिल्या दिवशी 'कृष्ण' पर्यंतच पोचले, 'हरी' श्वासाविना नुसतं ओठांवर आलं. आठवड्याने 'हरी' ऐकू येऊ लागलं. काल 'हरी' म्हणून पुढचा 'राम' पण त्याच श्वासात आला आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की घाट उतरून गाडी स्टँडात लावली आहे.

आजार आहे तो आहेच. पायऱ्या चढताना दम लागतो. पण काल लागला तेव्हा पहिल्यासारखा माझा हात घट्ट धरला नाही. कठड्याला टेकून उभे राहिले, डोळे मिटले आणि ओठ हलताना दिसले.

आता संध्याकाळीही करू का, असं विचारत आहेत.

धमनी · १६ ऑगस्ट, दुपारी २:१०

फार आनंद झाला. संध्याकाळचं पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारून ठरवा, तोवर सकाळचंच.

रानजाई · १६ ऑगस्ट, रात्री ९:२०

ताई, काकांना माझा नमस्कार सांगा. घाई अजिबात नको. 'राम' सलग आठ दिवस सहज येऊ लागला की मगच 'कृष्ण' जोडायचा, आणि ज्या दिवशी नाही आला त्या दिवशी 'हरी' वरच थांबायचं.